माळकरणीची अंडी

घणसोली गावात शिवाला गप्प बसलेलं पाहिलं असं कुणी सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. जमिनीच्या मोर्चात पुढं शिवा, देवळाच्या कामावरून भांडायला शिवा, वरात उशिरा आली की नवऱ्याच्या बापावर तोंड सोडायलाही शिवाच. तीस वर्षं त्यानं एका केमिकल कंपनीत बॉयलरवर काढली. बॉयलरच्या वर आवाज चढवायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. गावठाणात तीन मजली घर, खाली स्वतः, वर भाडेकरू. मुलगा धनेश आणि सून नमिता उलव्याला फ्लॅटमध्ये. कशाची कमी नव्हती.

बायको सगुणा त्याच्या अगदी उलट. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायची, त्यातली चार देवाशी. बावीस वर्षांपूर्वी तिनं गावातल्या पंढरीबुवांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली आणि मासळी सोडली. आगऱ्याच्या घरात मासळी सोडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी रोज संध्याकाळी बोंबील तळले जात नाहीत त्याला नाही कळायचं. नवरा खाणार, मुलगा खाणार, येणारा पाहुणा तर खाण्यासाठीच येणार. सगुणानं कुणाला नको म्हटलं नाही. ती त्यांची मासळी निवडायची, कालवण करायची, मग अंघोळ करून आपल्या कोपऱ्यातल्या वेगळ्या भांड्यांत आपली भाजी शिजवायची. दिवसाला दोन अंघोळी, दोन स्वयंपाक, बावीस वर्षं. शिवा चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आमची माळकरीन हाय." जणू माळ त्याच्याच गळ्यात होती.

श्रावणात सगुणाची दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. डायलिसिससाठी मानेत नळी घालावी लागली. नर्स म्हणाली, गळ्यात दोरा, माळ काही चालणार नाही, इन्फेक्शन होतं. सगुणानं माळ स्वतः उतरवली आणि ती मुठीत धरूनच टेबलावर झोपली. घरी आल्यावर ती विठोबाच्या तसबिरीला अडकवली. हातावर दुसरं ऑपरेशन झालं होतं, हाताची नस सुईजोगती तयार झाली की मानेतली नळी निघणार होती. अडीचतीन महिने लागतील, डॉक्टर म्हणाले. सगुणानं बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "कार्तिकी एकादशीला परत घालीन."

पण उतरलेली माळ आपल्या हातानं परत घालायची नाही, असा गावातल्या भजनी मंडळाचा रिवाज. ती बुवांनी घालायची, एकादशीला, सगळ्यांसमोर. घालण्याआधी बुवा विचारणार, मधल्या दिवसांत पथ्य पाळलं का. शेजारच्या मुक्ताबाईनं एकदा कुठल्याशा हॉलमध्ये भाजीचं समजून कोंबडीचं सूप पिऊन टाकलं होतं. नकळत गेलं म्हणून बुवांनी तीर्थ दिलं आणि तिथल्या तिथं माळ घातली. मंडळातल्या कान्हानं मात्र हळदीला जाणूनबुजून मटण खाल्लं, तर त्याला पुरतं वर्ष थांबवलं. त्या वेळी भर मंदिरात कान्हाला सर्वांत जास्त कुणी फाडून खाल्लं असेल, तर स्वतःच्या गळ्यात माळ नसलेल्या शिवानं. "देवाला फसवतोस?" म्हणून तो इतका ओरडला होता की बुवांनाच त्याला खाली बसवावं लागलं.

तर अशी ही दोघं आठवड्यातून तीनदा कोपरखैरण्याला डायलिसिसला जाऊ लागली. गणपतीपर्यंत सगुणा निम्मी झाली. पाय सुजलेले, दंड चिपाडासारखे, मानेतल्या नळीची जखम भरायला तयार नाही. गणपतीच्या आरतीला तिला उभं राहता येईना. सेंटरमध्ये आहार सांगणाऱ्या अबोली मॅडम होत्या, वयानं लहान पण बोलायला खणखणीत. त्यांनी रिपोर्ट पुढं सरकवला.

"काका, अल्ब्युमिन दोन पॉइंट सहावर आलंय. शरीरात प्रोटीनच नाहीये. असंच खाली गेलं तर पुढच्या महिन्यात मला कठीण दिसतंय, मी स्पष्ट सांगते. डाळी जास्त देता येत नाहीत. अंड्याचं पांढरं द्या. रोज तीन. पिवळं नको."

"माळकरी हाय ती," शिवा म्हणाला.

"मग समजवा त्यांना. औषध म्हणून."

शिवानं समजावलं. त्याच्या समजावण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सगुणा भिंतीला टेकून ऐकत राहिली. त्याचा दम संपल्यावर म्हणाली, "मना नको. मेले तरी चालंल. बावीस वर्सां सांभाळलाय, आथा दोन महिन्यांसाठी नाय सोडनार."

"अगो पन माळ गल्यान हाय कुठं तुझ्या?"

"गल्यान नाय. माझ्यान हाय."

आता यावर शिवानं गप्प बसायला हवं होतं. तो गप्प बसलाही, पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. माळ गळ्यात नाही. नळी निघेपर्यंत नाहीच. म्हणजे या दोन महिन्यांत ती माळकरी नाही. पोल्ट्रीच्या अंड्यात जीवही नसतो. मग पोटात गेलं तर कुणाचं काय बिघडलं? आणि तिला माहीतच नसेल, तर दोष तिला कसा लागणार? दोष लागला तर लागेल आपल्याला, आणि आपण तर आयुष्यभर पापलेटं खाल्लेली. बॉयलरवरचा माणूस, दाब कुठून सोडायचा ते त्याला बरोबर कळतं. हे सगळं त्याला इतकं पटलं की आपण बायकोला फसवायचं ठरवतोय हा विचारदेखील त्याच्या मनाला शिवला नाही.

अडचण एकच, शिजवायचं कुठं. सगुणाच्या गॅसवर अंडं उकडलं तर वास आणि भांडं दोन्ही तिला कळणार. तेवढ्यात नमिता उलव्याहून आली ती एअर फ्रायर घेऊन. त्यांनी मोठा घेतला होता, हा जुना तिनं सासऱ्यासाठी आणला, बिनतेलाची मासळी करता येईल म्हणून.

"यात अंडी पन होतात पप्पा," ती म्हणाली. "पानी नको, टोप नको, काय नको. कच्ची अंडी सालीसकट आत ठेवायची, टायमर लावायचा, झालं. गरम हवेवर शिजतात."

पाणी नको, टोप नको. शिवाला देवच पावला. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली रिकामी पडली होती, भाडेकरू दसऱ्यानंतर यायचा होता. त्यानं ते यंत्र तिथं नेऊन लावलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

ज्या माणसानं साठी उलटेपर्यंत स्वतःचा चहा केला नव्हता, तो अंडी शिकायला बसला. पहिल्या दिवशी त्यानं दोनशे डिग्री लावली, तर आत फट्ट आवाज होऊन अंडं फुटलं आणि जाळीला चिकटून बसलं. दुसऱ्या दिवशी एकशे वीस लावली, तर पांढरं थलथलीत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं कंपनीतल्यासारखा कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावर लिहू लागला. एकशे चाळीस, पंधरा मिनिटं, लगेच फ्रीजच्या पाण्यात पाच मिनिटं. अंडी फ्रीजमधून काढलेली असतील तर सतरा मिनिटं. जाळीला टेकलेल्या बाजूला सालीखाली करडा डाग पडतो, तेवढा सुरीनं कापून काढायचा. पांढरं बारीक किसायचं, मीठ नाही, थोडं जिरं, कोथिंबीर. बटाट्याची सालं काढता न येणाऱ्या त्या हातांनी इतक्या निगुतीनं अंडी सोलली की सगुणानं बघितलं असतं तर तिला हसू आलं असतं. पण तिनं बघायचं नव्हतं.

"ह्या काय?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"पनीर. मॅडमनी सांगितलाय."

"वास येतो."

"डेअरीचा हाय. नमितानं आनलाय उलव्यावरून."

आजारानं तिच्या तोंडाची चव गेली होती, सगळंच लोखंड चाटल्यासारखं लागायचं. शिवा, तू करतोस तर खाते, असं काही ती बोलली नाही, नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. पण नवरा आपल्यासाठी रांधतोय याचं तिला फार वाटलं. तिनं ते मुक्ताबाईला सांगितलं. मुक्ताबाईनं ते भजनी मंडळातल्या बायांना सांगितलं. रस्त्यात शिवाला बाया थांबवून म्हणू लागल्या, "नशीबवान हो सगुना." शिवा मान खाली घालून पुढं जायचा. लोकांना वाटलं, आजारपणानं माणूस नम्र झाला.

रोज तीन. सालं काळ्या पिशवीत घालून तो स्कूटरवरून पार गावाबाहेरच्या सेक्टरमधल्या कचराकुंडीत टाकून यायचा. पिवळं गच्चीवरच्या मांजरांना. नवरात्रात गावात मासळी बंद, शिवाही खात नाही, अंड्यांची गाडीदेखील येत नाही. त्यानं आधीच दोन ट्रे आणून ठेवले. घटासमोर दिवा लावून तो वर जायचा, पंधरा मिनिटं त्या घोंघावणाऱ्या यंत्रासमोर उकिडवा बसायचा, आणि खाली येऊन बायकोपुढं ताटली ठेवायचा. नऊच्या नऊ दिवस. दसऱ्याला येणाऱ्या भाडेकरूला त्यानं दिवाळीनंतरची वेळ दिली.

आणि सगुणा सुधारली. हेच तर सगळ्यांत वाईट. गुण आलाच नसता तर शिवानं सोडून तरी दिलं असतं. पायांची सूज उतरली, जखम भरली, दिवाळीला तिनं उंबऱ्यावर रांगोळी काढली. हाताची नस तयार झाली. नळी काढायची तारीख ठरली, कार्तिकीच्या आधीचा बुधवार. सगुणानं बुवांना निरोप धाडला, लुगडं धुऊन घडी घातलं. रात्रंदिवस तिच्या तोंडी तेच, एकादशीला माळ. जगण्याचं तिला तेवढंच कौतुक होतं.

तारखेच्या आधीच्या शनिवारी अबोली मॅडम तिच्या खाटेशी आल्या, हातात रिपोर्ट, चेहरा फुललेला.

"काकू, तीन पॉइंट पाच! कमाल केलीत. आता अंडी बंद नाही करायची हां. रोज तीन पांढरी, असंच चालू ठेवायचं. काका, तुम्ही एअर फ्रायरमध्ये करता म्हणालात ना? मी बाकीच्या पेशंटना पण तेच सांगते."

शिवा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं सगुणाकडं बघितलं नाही. मशीनमध्ये तिचं रक्त फिरत होतं, अजून दोन तास ती हलू शकत नव्हती. ती मॅडमना म्हणाली, "बरं." मग तिनं डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत राहिलं. एका हातात सुया, दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा, त्यामुळं तिला ते पुसताही येईना. शिवा पुसायला पुढं झाला, तशी तिनं मान फिरवली.

रिक्षात ती कडेला सरकून बसली. घरी आल्यावर मोरीत गेली आणि चुळा भरत राहिली. बाहेर आली तेव्हा पदर ओला चिंब झाला होता.

"कती दिस चारलाव?"

"गनपती उठल्यापासून."

"नवरात्रान पन?"

शिवाचा हात करगोट्याच्या किल्लीकडं गेला.

"मी मेले असते तर मना चाललं असतं."

"मना नसतं चाललं," शिवा म्हणाला, आणि एवढं म्हणतानाच त्याला रडू कोसळलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं. मीच करणार होतो का तुझं तेरावं, मी एकटा काय करू या तीन मजल्यांत, असं काहीबाही तो बोलत राहिला. सगुणानं त्याला रडू दिलं. तिला त्याची कीव आली नाही असं नाही. पण जे न खाण्यासाठी ती मरायला तयार होती ते त्यानं तिला न विचारता किसून तिच्याच घशाखाली घातलं होतं.

त्याचं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "बुवा इचारतील. तवा तुमी सांगायचा. सगल्यांसमोर. तिला माहीत नव्हतं, मी फसवून घातलं, एवढाच. नकळत गेलं म्हनतील, तीर्थ देतील, माझी माळ मना मिळंल. बाकी माझा काय म्हनना नाय."

"सांगतो."

"सांगनार?"

"तुझी शपथ," शिवा म्हणाला. आणि ते त्यानं खरंच मनापासून म्हटलं.

चार दिवस तिनं मुक्ताबाईच्या हातचं खाल्लं. बुधवारी नळी निघाली. एकादशीला दुपारी मंदिर गच्च भरलं. टाळ थांबले, बुवांनी सगुणाला पुढं बोलावलं. ती भिंतीला न धरता चालत गेली तशी बायांनी कौतुकानं माना हलवल्या. शिवा पुरुषांत दुसऱ्या रांगेत. सकाळपासून त्यानं वाक्य पाठ केलं होतं. तिला माहीत नव्हतं, मी फसवून घातलं. फक्त सहा शब्द.

बुवांनी माळ हातात घेतली. "सगुणाबाई, माळ उतरली त्याला तीन महिने झाले. या दिवसांत पथ्य सांभाळलंत?"

"नाय," सगुणा म्हणाली. "अंडी गेली पोटान."

मंदिरात एकदम कुजबुज झाली. मुक्ताबाईनं तोंडावर हात ठेवला. बुवांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मऊ आवाजात विचारलं, "आजारपण होतं, समजतो मी. कळून गेली की नकळत?"

सगुणानं मान वळवून शिवाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. तिनं त्याला वेळ दिला, भरपूर दिला.

शिवानं तोंड उघडलं. समोर जयप्रकाश बसला होता, देवळाच्या कामावरून ज्याच्याशी दहा वर्षं वैर. बाजूला कान्हा, ज्याला त्यानं याच फरशीवर उभं करून सोललं होतं. ते सगळे वळून त्याच्याचकडं बघत होते, कारण सगुणा त्याच्याकडं बघत होती. उद्या नाक्यावर काय बोलतील ते त्याला लख्ख ऐकू आलं. माळकरीण बायकोला चोरून अंडी चारली, नवरात्रात चारली. ज्याच्या आवाजानं मोर्चे निघाले त्या माणसानं उघडलेलं तोंड मिटलं. तो आपल्या गुडघ्यांकडं बघू लागला.

सगुणा पुन्हा बुवांकडं वळली. नकळत म्हटलं असतं, तर कुणी चारली हे त्यांनी विचारलंच असतं.

"कळून," ती म्हणाली.

बुवांनी सुस्कारा टाकला. रिवाज मोडता येत नव्हता. पुढच्या कार्तिकीला या, म्हणाले, वर्षभर काटेकोर पाळा. वर्षभर अंडं न खाता ती पुढची कार्तिकी बघणार नव्हती हे त्या मंदिरात तिघांनाच ठाऊक होतं, ती, शिवा आणि देव, आणि तिघांपैकी कुणी बोललं नाही. माळ बुवांच्या पिशवीत गेली. टाळ पुन्हा सुरू झाले. सगुणा बायांत जाऊन मागं बसली, तर दोघीतिघी थोड्या सरकल्या.

घरापर्यंत शिवा तिच्या दोन पावलं मागं चालला. दाराशी आल्यावर त्यानं तिचे पाय धरले. "मी जातो बुवाकडं. आथा जातो. सांगतो सगला."

"आथा काय सांगनार? मी देवासमोर कळून म्हटलाय," सगुणा म्हणाली. "खोटा बोललूय मी, बावीस वर्सांत पयल्यांदा. आथा तो खरा तरी करूंदे. मशीन खाली आना."

"आज एकादशी हाय गो."

"आना."

शिवानं यंत्र खाली आणलं आणि स्वयंपाकघरात तिच्या वेगळ्या भांड्यांच्या कोपऱ्याशीच ठेवलं, तिथंच प्लग होता. त्यानं सालीसकट अंडी आत ठेवली, एकशे चाळीस लावली. पंधरा मिनिटं दोघं जमिनीवर बसून होती. बाहेर मंदिरातलं भजन ऐकू येत होतं. यंत्राची घंटी वाजल्यावर शिवा उठायला लागला, तर तिनं त्याला हातानं खाली बसवलं. गरम अंडी तिनं स्वतः काढली, पाण्यात टाकली, स्वतः सोलली, जमेल तशी, वेडीवाकडी, आणि पिवळं बाजूला काढलं.

"तीनच ना सांगितलीत मॅडमनी?" तिनं विचारलं.

शिवानं मान हलवली. मग ती त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडं बघत, एकेक करून तिन्ही अंडी खाऊ लागली.